कुठून आणि किती

सबनीस सर वर्तमानपत्र दोन फूटपट्ट्या घेऊन वाचतात. एक पट्टी परिच्छेदाच्या वर, एक खाली. मधलं वाचून झालं की पट्ट्या सरकवायच्या. कापायचं मात्र काही नाही. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत ते वरच्या मजल्यावर राहतात. एकदा मी त्यांच्या पेपरातून माझ्या मुलीच्या शाळेची बातमी कापून घेतली, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सरकारी नोकरीत ते माझे साहेब होते. प्रोग्रॅम लिहायला मला त्यांनीच शिकवलं. मेमरीत एका रांगेत माहिती मांडलेली असायची. तिच्यातला थोडासा भाग हवा असला, तरी आम्ही त्याची खुशाल नक्कल करायचो. सरांचा पारा चढायचा. "अरे यार, नक्कल कशाला? स्लाइस घे! कुठून आणि किती, एवढंच लक्षात ठेव. माल जागेवरच राहतो."

एकदा तर मीटिंगच्या खोलीत त्यांनी खुर्च्यांची रांगच लावली. "तिसरीपासून चार. दिसल्या? मी हलवल्या का? बिल्कुल नाही." तेवढ्यात शिपाई आला आणि दुसऱ्या मीटिंगसाठी सगळ्या खुर्च्या उचलून घेऊन गेला. सर बोट रोखून तसेच उभे. "बघा! मूळच गेलं, आता माझी स्लाइस हवेत!" आम्ही हसून बेजार झालो. फार सुखाचे दिवस होते ते.

निवृत्तीनंतरही सरांची सवय गेली नाही. माझी बायको भावाच्या लग्नाचं सांगायला लागली की यांचा प्रश्न ठरलेला, "कुठून आणि किती?" ती आता आधीच सांगून टाकते, "हळदीपासून, दहा मिनिटं."

गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क भरली होती, काही सेव्ह होईना. पाहिलं तर सगळी जागा एकाच व्हिडिओनं खाल्लेली. सरांच्या पत्नीच्या, आमच्या काकूंच्या, शेवटच्या वर्षातला, तीन तासांचा. लेकीसाठी त्या पाककृती सांगत होत्या. सरांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता: एक्केचाळिसाव्या मिनिटापासून एकोणीस सेकंद.

"सर, एवढंच बघता ना? मग तेवढा तुकडा कापून ठेवतो, बाकीचं डिलीट करू."

सरांनी माझं मनगट धरलं. मग स्वतःच प्रोग्रॅम चालवला. ओट्याशी उभ्या काकू म्हणाल्या, "अहो, तो फोन ठेवा आणि चहा घ्या, गार होतोय." त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि चित्र थांबलं.

"पुढे ती खोकत राहते," सर म्हणाले. "मला बघवत नाही. पण तीही तीच आहे ना रे? कापून टाकू?"

नवी डिस्क घेऊन येतो म्हणत मी उठलो. दारापर्यंत सर आले.

"आधी सतराच सेकंद ठेवले होते," ते म्हणाले. "दिवाळीत दोन वाढवले. पदरापर्यंत आलोय."