उत्तरचौकातील पांढऱ्या हैदरंजीची आणि दोघी राणीसाहेबांची हकीकत

श्री. ज्या दयाघनाने उन्हास तेज दिले आणि त्याच हाते सावलीही निर्माण केली, त्याचे चरणीं माथा ठेवून, गेल्या माणसांचे स्मरण करून, जे डोळां पाहिले आणि जे विश्वासू मुखें ऐकिले तेवढेच लिहितो. अधिकउणे असेल तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे. शके सतराशे सत्तेचाळीस, पार्थिव नाम संवत्सर, माघ मास, ते समयीं देशावरील आमचे राज्यीं राजश्री रायाजी राजे गादीवर होते. राज्य लहान, परंतु राजा न्यायी, रयत सुखी. उन्हाळा मात्र ऐसा की चैत्र लागला म्हणजे अंगणातील फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नसे. राजियांच्या थोरल्या राणीसाहेब रखमाऊसाहेब. त्यांचे पोटीं संतान नाही, सबब कारभारी भगवंतराव यांनी मसलत देऊन घाटमाथ्यावरील एका किल्लेदाराची कन्या मंजुळाबाई हिशी राजियांचे दुसरे लग्न ठरविले. रखमाऊसाहेबांस कोणी पुसिले नाही. त्यांनीही शब्द काढिला नाही. लग्नाचा चौघडा वाजू लागला तेव्हा आपली देवपूजा उचलोन राजवाड्याच्या उत्तरेकडील चौकात राहावयास गेल्या, आणि मग सणावारासही बाहेर येईनाशा जाहल्या.

मंजुळाबाई आल्या तेव्हा बरोबर घोडी आली, वस्त्रेभूषणे आली, आणि पालखीत त्यांचे मांडीवर मातीची एक कुंडी आली. तीत गुडघाभर उंचीचे झाड, आटोपशीर, पाने रुंद आणि कातरलेल्या काठाची. किल्लेदाराचे दुखणे एका टोपीकर इंग्रज वैद्याने बरे केले होते, त्याने जाताना हे रोप दिले. टोपीकर त्यास हायड्रेंजिया म्हणत. ते आमचे लोकांचे जिभेस वळेना, म्हणोन हैदरंजी ऐसे नाव पडले. त्यास पांढऱ्या फुलांचे गेंद येतात, एकेक गेंद ओंजळीत मावणार नाही एवढा, ऐसे मंजुळाबाईंनी सांगितले तेव्हा राजे बहुत संतोषले आणि बोलिले, "मग हे सदरेपुढे ठेवा. आल्यागेल्यास आमचे सासुरवाडीचे फूल दिसो." तेणेप्रमाणे ठेविले. तेथे दिवसभर उन्ह. तुळाजी माळी निष्ठेचा माणूस, त्याने झाड मान टाकते असे पाहोन सकाळी पाणी घातले, दुपारी घातले, सांजेस घातले. आणि आणिलेली कुंडी लहान दिसते म्हणोन नकशीची मोठी कुंडी आणोन तीत झाड लाविले, तिच्या बुडास भोक नव्हते. वरून उन्ह, खाली साचले पाणी. फाल्गुन सरता पानांच्या कडा करपल्या आणि मुळास कुजका वास येऊ लागला. मंजुळाबाई सदरेच्या जाळीआड उभ्या राहोन पाहात आणि डोळे पुशीत. राजियांनी कारण पुसिले तेव्हा बोलिल्या, "महाराज, याला सकाळचे कोवळे उन्ह पुरते. पुढे दिवसभर सावली पाहिजे. आमचेकडे हे उत्तरेच्या भिंतीशी असे." सारा दिवस सावली पडे ऐसी जागा राजवाड्यात एकच होती, उत्तरचौक. राजे म्हणाले, "तिकडे जावयास आम्हांस तोंड नाही." आणि उठोन गेले.

तेव्हा मंजुळाबाई दासीस न घेता, जड कुंडी आपणच पोटाशी धरोन, उत्तरचौकाचे दारीं जाऊन उभ्या राहिल्या. रखमाऊसाहेब वाती वळीत बसल्या होत्या. वर पाहिले, कुंडी पाहिली आणि म्हणाल्या, "आमचे होते ते सारे तुम्हांस मिळाले. आता सावलीही पाहिजे काय?" मंजुळाबाईंचे हात भरोन आले होते तरी कुंडी खाली ठेविली नाही. बोलिल्या, "बाईसाहेब, सावली मला नको. मी येणार नाही. एवढे झाड ठेवून घ्या, तिकडे मरते आहे." रखमाऊसाहेबांनी हातची वात तबकात ठेविली. मग म्हणाल्या, "ठेवा त्या कोपऱ्यात. आणि जा." मंजुळाबाईंनी ठेविली आणि गेल्या, आणि दिल्या शब्दाप्रमाणे पुन्हा त्या बाजूस फिरकल्या नाहीत.

रखमाऊसाहेबांनी आरंभी झाडाकडे पाठ केली. परंतु माणूस एकटे आणि समोर एक जीव झुरतो आहे, किती दिवस पाठ करील? एके सकाळी त्यांनी कुंडी कलती केली तो काळे पाणी वाहिले. मग दासीकडून बुडास भोके पाडविली, खाली खापऱ्या घातल्या, सडलेली मुळे काढिली, आणि जुन्या पाचोळ्याची माती चाळून तीत झाड बसविले. वरून पाचोळ्याचेच पांघरूण घातले, म्हणजे ओल टिकावी. रोज बोट मातीत घालून पाहात. कोरडे लागले तरच पाणी, आणि तेही मुळाशी, पानांवर नाही. ते साल पाने आली, फूल आले नाही. दुसरे साली वैशाखात देठांचे शेंड्यांस हिरवट मोहरासारखे काही धरले, ते फुगत गेले, पोपटी जाहले, आणि मग एके दिवशी तो कोपरा चांदणे पडावे तैसा पांढरा जाहला. रखमाऊसाहेबांनी दासीस सांगितले, "जा, धाकटीस म्हणावे, तुझे फूल आले आहे." मंजुळाबाई धावत आल्या, दाराशी थबकल्या. रखमाऊसाहेब म्हणाल्या, "तेथून काय दिसते? आत ये." ते दिवशी प्रथम त्यांनी तिला तू म्हटले, आणि मंजुळाबाई बाईसाहेब म्हणावयाचे ते अक्कासाहेब म्हणोन गेल्या, मग तेच नाव राहिले.

पुढील वर्षे काय वर्णावी! दोघींनी मिळोन पावसाळ्यात कोवळ्या फांद्यांची कलमे केली, भिंतीशी वाफा काढिला, ओळीने कुंड्या मांडिल्या, आणि गावातून जो मागावयास आला त्यास कलम दिले. झाड उंच वाढत नाही, आपले जागी गच्च भरते, सबब चौक अडला नाही. ज्येष्ठात त्या चौकात पाऊल टाकिले म्हणजे डोळे निवत. थोरली तांदूळ निवडी, धाकटी माहेरच्या गोष्टी सांगे, आणि हसणे सदरेपर्यंत ऐकू येई. राजे कागद वाचता वाचता थांबत आणि कान देत. आम्ही तेव्हा सदरेस लिहावयास होतो. आम्हीही लेखणी थांबवीत असू.

ऐसी पंधरा वर्षे गेली तरी मंजुळाबाईंसही संतान जाहले नाही, आणि भगवंतरावांनी पुनः मसलत मांडिली की महाराजांनी तिसरे लग्न करावे, मुलगी पाहोन ठेविली आहे. हे वर्तमान आत गेले. मंजुळाबाई वाफ्याशी बसल्या होत्या त्या तैशाच बसोन राहिल्या. रखमाऊसाहेब उठल्या, हातची माती धुतली, पदर सारखा केला आणि इतके वर्षांत प्रथम सदरेवर आल्या. सारे मानकरी उठोन उभे राहिले. त्या बोलिल्या, "आमचे वेळेस येथे मसलत जाहली ती आम्ही पडद्याआड बसोन ऐकिली आणि गप्प राहिलो. आज गप्प राहणार नाही." भगवंतराव हात जोडोन म्हणाले, "बाईसाहेब, रागें भरू नये. राज्यास वारस पाहिजे." रखमाऊसाहेब म्हणाल्या, "पाहिजेच. परंतु बायको आणोन वारस होत असता, भगवंतराव, तर दोनदा जाहला असता." राजियांची मान खाली गेली. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "खरे बोलता. हे पंधरा वर्षांमागे आम्हीच बोलावयाचे होते." तेच सालीं चुलत घराण्यातील मूल दत्तक घेतले, आणि ते दोघी आयांचे हाती वाढले.

पुढे शके सतराशे अडुसष्टांत श्रावणमासीं रखमाऊसाहेबांस ताप भरला. वैद्यांनी उपाय केले, गुण येईना. मंजुळाबाई उशाशी बसोन होत्या. थोरलीने पुसिले, "बाहेर फुले आहेत काय?" धाकटी म्हणाली, "आहेत, अक्कासाहेब. थोडी हिरवट झाली, परंतु आहेत." "बरे," म्हणाल्या, आणि तेच दिवशी सांजेस शांत जाहल्या. मग मंजुळाबाई विळा घेऊन वाफ्यात शिरल्या आणि फांद्याच्या फांद्या बुडापासून कापू लागल्या. तुळाजी माळी म्हातारा जाहला होता, तो काकुळतीस येऊन बोलिला, "आईसाहेब, नुसते गेंद घ्या. याची फुले जुन्या काडीवर येतात. इतके खाली कापाल तर पुढले साल एक फूल दिसणार नाही." त्या म्हणाल्या, "न दिसो, तुळाजी. इतकी वर्षे तिचे हातचे पाणी प्याले आहे. त्यानेही सुतक धरावे." ते पांढरे ओझे थोरल्या राणीसाहेबांचे अंगावर घातले, मुख मात्र उघडे ठेविले. पुढले साली चौकात पाने आली आणि फूल एकही आले नाही. मंजुळाबाई रोज जाऊन पाणी घालीत. तिसरे साली ज्येष्ठात झाडे भरोन फुलली. मंजुळाबाई मधोमध पाटावर बसल्या, आणि दत्तक राजपुत्रास, आता मिसरूड फुटलेल्यास, जवळ बोलावोन म्हणाल्या, "बैस. तुझी थोरली आई कैसी होती ते सांगते." ऐसे सांगता दिवस कलला.

एवंच दोघी राणीसाहेबांचे वर्तमान ऐसे आहे. तदनंतर राजे गेले, मंजुळाबाई गेल्या, राज्य टोपीकराचे अंमलात गेले आणि त्या चौकात आता कचेरीची दप्तरे आहेत. परंतु गावात ज्याचे परसदारीं थोडी सावली आहे तेथे हैदरंजी आहे, आणि कलम मागावयास कोणी आले, वैरी का असेना, त्यास नाही म्हणो नये ऐसी रीत पडली आहे. ती कोणी पाडिली हे तरुण लोकांस ठाऊक नाही, म्हणोन लिहोन ठेविले.