अंगात आलेलं सायलोसायबिन

गडहिंग्लजला आमच्या शांताआत्याकडं चहा प्यायचा तर आधी एक शब्द बिनचूक म्हणावा लागे : सायलोसायबिन. दूधवाल्याचीही सुटका नव्हती. माझ्या नव्या नवरीनं ‘सायलोबीन’ म्हटलं, तर तिला पुन्हा म्हणायला लावलं आणि मगच कप पुढं केला.

आत्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण, आमची आक्का, आणि ती अशा दोघीच राहत. आक्का एका रात्री झोपेतच गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात, नव्वदच्या दशकात, हे घडलं. गायरानात शेणावर उगवलेली अळंबी आत्यानं नेहमीची समजून परतली आणि भाकरीबरोबर खाल्ली. थोड्या वेळात भिंती हलायला लागल्या. ती आधी पोट धरून हसली, मग चुलीकडं तोंड करून बोलत बसली.

शेजारणींनी ठरवलं, बाईंच्या अंगात आलं. आमच्या घरातनं देव्हारा जाऊन दोन पिढ्या झालेल्या, आणि इथं आत्याच्या कपाळाला कुंकू!

शुद्धीवर आल्यावर तिनं ते पुसलं, उरलेली अळंबी डब्यात घातली, एसटीनं कोल्हापूर गाठलं आणि कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकाकडून त्यातल्या द्रव्याचं नाव घेऊनच परतली. तोवर दारात नारळवाल्यांची रांग. कुणाला म्हैस कधी विणार ते हवं होतं, कुणाला पोरीच्या लग्नाचं.

आत्या उंबऱ्यात उभी राहिली. “पावणं, माझ्या अंगात देवी न्हाय, सायलोसायबिन आलतं. शेणावरच्या छत्रीत असतंय. नारळ घरी न्या, चटणी करा.”

देवी नाही म्हटल्यावर लोक म्हणू लागले, मग बाईंनी दारू घेतली असणार. मुख्याध्यापकांनी हळूच सुचवलं, आता तो विषयच नको. दुसऱ्या दिवशी आत्यानं तो शब्द फळ्यावर लिहिला आणि वर्गाकडून म्हणून घेतला.

पुढं एकदा तिच्या स्वयंपाकघरात बसलो असताना मी विचारलं, त्या दिवशी चुलीपाशी कोण होतं?

“आक्का. तांदूळ निवडत हुती. लई बोललो की आम्ही.” आत्या शांतपणे म्हणाली. “पर मला ठावं नसलेलं एक अक्षर बोलली न्हाय. म्हंजे माझ्याच डोक्यातनं आलती.”

मी कप पुढं सरकवले.

“मी तिला इचारलं, त्या रात्री छातीत दुखलं असंल, तर मला उठवलं का न्हाईस?” आत्यानं चहा गाळला. “तेवढ्याला गप्प बसली बघ. मलाच ठावं न्हाय, तर ती कुठनं सांगंल?”