लोटनआप्पा आणि विमानाचे पॉइंट

आमच्या गल्लीतल्या एका घरची दशक्रिया नदीकाठी होती. थोरला मुलगा दिल्लीहून विमानानं सुरतेला आणि तिथून रेल्वेनं नंदुरबारला आलेला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. येणारा जाणारा त्याच्या पाठीवर हात ठेवून दोन शब्द बोलत होता. लोटनआप्पांनीही हात ठेवला आणि हळूच विचारलं, "भाऊ, बोर्डिंग पास ठेवेल शे ना? टाकी देऊ नको. पॉइंट मांगता येतस."

त्या बिचाऱ्यानं रडू आवरून खिसा चाचपला. पास होता. आप्पांनी पिंडदानाच्या जागेपासून दहा पावलांवर, झाडाखाली उभं राहून त्याला विमान कंपनीचा सभासद करून घेतलं. परतताना मी रागावले, तर म्हणाले, "ताई, बाप तर गया. आते इतलं अंतर कसाले वाया घालानं?"

लोटनआप्पा माझे शेजारी. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. ते कधीही विमानात बसलेले नाहीत. सुरतेचा विमानतळ त्यांनी पाहिलाय तो फाटकाबाहेरून. पण प्रवासाच्या अंतरावर विमान कंपन्या जमा करतात ते पॉइंट, म्हणजे माइल्स, कुठल्या कंपनीचे किती महिन्यांनी बाद होतात, कुठल्या कार्डावर विमानतळावर फुकट जेवायला बसवतात, कुठल्या वारी भाडं उतरतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ.

त्यांच्या ओट्यावर एक फळा असतो. शाळेतून बाद झालेला, मीच दिलेला. त्यावर रोज सकाळी खडूनं लिहिलेलं असतं: 'सुरत ते गोवा. मंगळवारपर्यंत स्वस्त. सामान पंधरा किलो. खिडकीचे वेगळे पैसे.' मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडायला जाणाऱ्या बाया नाकातोंडाला फडकं बांधून त्या ओट्यावरून जातात. त्यातली एक हमखास थांबते.

"आप्पा, आज कोठे सस्तं शे?"

"गोवा."

"मंग भाकर खाईसन जासूत."

आप्पा हसत नाहीत. "खाईसनच जा. विमानमा जेवण इकत ऱ्हास," एवढं सांगतात.

त्यांचा सल्ला खरोखर मानला तो एकदाच, पलीकडच्या कापडवाल्यानं. मुलाचं नवं लग्न झालेलं, जोडप्याला गोव्याला जायचं होतं. आप्पांनी त्यांना सुरतेहून आधी दिल्लीला पाठवलं आणि दिल्लीहून गोव्याला. सरळ विमान होतं, पण आप्पांचं म्हणणं, "सरळमा काय मिळस? फेरानं जा, माइल्स दुप्पट पडतस." जोडपं दुसऱ्या दिवशी गोव्यात पोचलं आणि त्यांची बॅग दिल्लीत राहिली. ती सून अजूनही आप्पा दिसले की डोक्यावर पदर घेते, पण बोलत नाही. आप्पा मात्र तिचे माइल्स अधूनमधून तिच्या सासऱ्याला कळवत असतात.

पुढे त्या कंपनीनं नियमच बदलला. किती लांब गेलात ते मोजायचं नाही, तिकिटाला किती खर्च केलात त्यावर पॉइंट द्यायचे. तशी मेल आली त्या दिवशी आप्पांचा चेहरा पाहवेना.

"ताई, तिकीट अंतरवर ऱ्हास," ते म्हणाले. "नवापूर जाणाराले नवापूरनं, धुळे जाणाराले धुळानं. कोणी सोनानी आंगठी घालीसन बसना, म्हणून टप्पा वाढस का?"

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. मराठीत, तीन पानी, एसटीच्या टप्प्याचा हिशोब कसा न्यायाचा असतो ते समजावून. त्याला इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर आलं. ते मी वाचून दाखवलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आप्पा बराच वेळ मान हलवत राहिले. "आभारी शेतस म्हणे. म्हणजे इचार करी ऱ्हायनात."

स्वतः कधी न उडालेले आप्पा मोबाइलवर रोज पॉइंट मोजतात ते कुणाचे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. एका रविवारी सकाळी वाटीभर शेवभाजी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आप्पा चष्मा कपाळावर चढवून मोबाइल बघत होते. मला पाहून म्हणाले, "किशोर परवा रांचीले उतरना."

किशोर त्यांचा एकुलता मुलगा. कारखान्यांतून मोठी यंत्रं बसवून देतो. महिन्यातले वीस दिवस फिरतीवर.

"फोन आला होता वाटतं?"

"नही. पॉइंट उनात."

मला आधी कळेना. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं भारताचा नकाशा होता आणि त्यावर जागोजागी लाल टिकल्या चिकटवलेल्या. विशाखापट्टणम, भोपाळ, कोची, गुवाहाटी. रांचीची टिकली नवी होती. किशोरनं फार पूर्वी आपल्या खात्याचा पासवर्ड त्यांना दिला होता, 'तुम्हीच बघा आप्पा, मला वेळ नसतो' म्हणून. विमानातून उतरल्यावर दोन दिवसांनी खात्यात पॉइंट जमा होतात आणि शेजारी प्रवास लिहिलेला असतो. आप्पा तो वाचतात आणि टिकली लावतात. टिकल्यांचं पाकीट आप्पांच्या बायकोचं, काकूंचं होतं. काकू जाऊन तीन वर्षं झाली.

"फोन का नाही करत त्याला?"

"करस ना. जेवना का, जेवनू. तब्येत बरी का, बरी. झाया फोन." ते नकाशाकडेच बघत होते. "बोलानं काम किशोरनी मायनं व्हतं. मी मांगून तिन्हा तोंडतून आयकू."

मी वाटी ठेवून निघाले. घरी येऊन उगाच नवऱ्यावर चिडले.

त्यानंतर काही आठवड्यांनी ओट्यावरचा फळा कोरा दिसायला लागला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. पथारीवरच्या बाया विचारून गेल्या. मला वाटलं आप्पा आजारी आहेत. जाऊन पाहिलं तर धडधाकट, पण मोबाइल उशीखाली.

"कंपनीनी परत नियम बदलना," ते म्हणाले. "आते खातं उघडानं म्हणजे दर टाइमले ओटीपी लागस. तो किशोरना मोबाइलवर जास."

"मग त्याला विचारा."

"तो कामवर ऱ्हास. कसाले तरास?"

पॉइंटांच्या नियमासाठी कंपनीला तीन पानं लिहिणारा माणूस पोटच्या मुलाला सहा आकडे मागायला कचरत होता. मी त्यांचा मोबाइल घेतला, खातं उघडायला ओटीपी मागवला, किशोरचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्या हातात दिला.

"आप्पा? काय झालं?" किशोर घाबरून म्हणाला. "बरं शे ना?"

"बरं शे. एक ओटीपी उना व्हयी तुले. तेवढा सांग."

"ओटीपी कसाले?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू कोठे शे, ते आते दिखत नही," आप्पा म्हणाले.

पलीकडे यंत्राचा आवाज येत होता. मग कुठलंसं दार लागलं आणि तो आवाज थांबला.

"म्हणजे तुम्ही रोज पाहतस?"

"रोज नही. पॉइंट पडनात का पाहस."

"आप्पा, मी कोइमतूरले शे," किशोर म्हणाला. "चार दिवस व्हयनात. आठे भात खाईखाई कटाळनू."

"भाकर नही भेटस?"

"नही ना."

"तुन्ही माय ज्वारी-उडीदनी, कळणानी भाकर बांधी दे तुले, शाळाना बोर्डिंगमा जाये तवय."

"तुमले याद शे?"

"शे ना. तू ती बोर्डिंगना पोऱ्यास्ले वाटी टाके आन उपाशी झोपे. मी घर येऊ तं ती माले सांगे."

मी पाय न वाजवता बाहेर आले आणि ओट्यावर बसले. आतून आप्पांचा आवाज येतच होता. इतकी वर्षं शेजारी राहून तो इतका सलग मी कधी ऐकला नव्हता. मध्येच ते म्हणाले, "थांब, तो ओटीपी सांग आते." किशोरनं आकडे सांगितले. आप्पांनी दाबून पाहिले.

"वेळ सरी गयी म्हणे."

"मंग दुसरा मांगाडू का?"

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "पहिले सांग, तठे पाणी कसं शे?"