ग्लेन डॉलिशची सुरक्षित आग

आग ही मुळात बेशिस्त वस्तू आहे आणि तिला शिस्त लावणं हे सुसंस्कृत समाजाचं आद्य कर्तव्य होय. हे कर्तव्य ग्लेन डॉलिशच्या खोऱ्यात जितक्या निष्ठेनं पार पाडलं जातं, तितकं अन्यत्र क्वचितच. तिथल्या डोंगरमाळावर हेदरची झुडपं माजतात. माजलेलं, काष्ठ झालेलं हेदर रानकोंबड्यांना खाववत नाही. म्हणून वसंत अंगात यायच्या आत माळाचे पट्टे पाडून ते जाळायचे, राखेतून कोवळे धुमारे फुटू द्यायचे, ते खाऊन कोंबड्यांनी गुबगुबीत व्हायचं आणि ऑगस्टात मालकांच्या पाहुण्यांनी लंडनहून येऊन त्यांना गोळ्या घालायच्या. (याला निसर्गसंवर्धन म्हणतात. कोंबड्यांचं मत मागवलेलं नाही.)

माळाचा मुख्य राखणदार मुर्डो गिलँडर्स. माणूस इतका सावध, की चहात दूध ओतण्याआधीसुद्धा वाऱ्याची दिशा बघे. त्याची जाळण्याची योजना मालकांनी कातडी पुठ्ठ्यात बांधून घेतली होती. वारा मंद आणि एकवचनी असावा. पट्टा अरुंद असावा. पट्ट्याच्या खालच्या कडेला आधी वाऱ्याच्या तोंडावर आग लावून काळी पट्टी करावी, म्हणजे वरून येणाऱ्या ज्वाळेला तिथं खायला काही उरत नाही. शेजाऱ्यांना वर्दी द्यावी. आणि मनुष्यबळ मुबलक असावं.

मनुष्यबळाच्या बाबतीत तर खोरं श्रीमंतच. जाळायला सहा जण. आग हाताबाहेर गेलीच, तर अग्निशमन दलाचे स्वयंसेवक सहा. कुणी कड्यावर अडकलं, तर बचाव पथकाचे सहा. आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारी सुरक्षा समिती, सभासद सहा. एकूण चोवीस. (खोऱ्यात धडधाकट पुरुष सहाच. त्यामुळे निवडणुकीत चुरस होत नाही.) चारही ठिकाणी प्रमुख मुर्डोच असल्यानं आपापसातला मेळ निर्दोष होता.

माळाच्या पायथ्याशी, दगडी गडग्याला लागून एफीकाकूचं घर आणि घराच्या पाठीशी तिच्या मधमाश्यांच्या पेट्या. काकूचा नवरा गेला, तेव्हा तिनं रीतीप्रमाणे पेटीपेटीवर बोटानं टकटक करून माश्यांना ते कळवलं होतं. घरचं सुखदुःख कळवलं नाही तर माश्या रुसून निघून जातात, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. तेव्हापासून घरात बोलायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. काकू जे काही बोले, ते माश्यांशी.

जाळायच्या दिवशी सकाळी ती गडग्यापाशी येऊन उभी राहिली.

"मुर्डो, वारा फिरला तर रे?"

"काकू, वारा फिरणार नाही. योजनेत तसं धरलंय."

"वाऱ्याला दाखवलीस का योजना?"

बाकीचे फिसकन हसले. टपाल वाटणारा लॅकी म्हणाला, "काकू, तुमच्या माश्यांना घेऊ या की समितीवर!"

"माश्यांना काम असतं, लॅकी."

मग तिनं मनातली गोष्ट काढली. "तेवढ्या पेट्या ओहोळापल्याड ठेवून द्या. दोघं जण लागलात तर चहा निवायच्या आत होईल. मला एकटीला उचलवत नाहीत."

मुर्डोनं विनंतीचा सर्व बाजूंनी विचार केला. पेट्या हलवल्या तर धोका आहे असं सिद्ध होतं. धोका आहे असं सिद्ध झालं, तर योजनेप्रमाणे जाळताच येत नाही. आणि जाळायचं तर ठरलेलं होतं; म्हणजे धोका नव्हता; म्हणजे पेट्या हलवायचं कारण नव्हतं. इतका स्वच्छ विचार खोऱ्यात याआधी कुणी केला नव्हता.

काकू माघारी वळली. पेट्यांपाशी जाऊन तिनं एकेकीवर टकटक केली आणि हलक्या आवाजात म्हणाली:

माश्यांनो, लेकींनो, आज धूर येईल दारी,
पंख मिटून बसा गं, आहे मुर्डो कारभारी.

काळी पट्टी झाली. पट्टा पेटला. ज्वाळा शाळेतल्या मुलींसारख्या रांगेनं चालल्या होत्या. दुपारी वारा फिरला. (त्यानं योजना वाचली नव्हती.) एक ज्वाळा रांग सोडून काळ्या पट्टीवरून उडी मारून गेली आणि पलीकडच्या वाळल्या हेदरमध्ये बसली. लांब दांड्यांच्या रबरी झोडपण्या घेऊन सहाजण तिच्यावर तुटून पडले. आग मागं हटतही होती. अजून थोडं झोडपलं असतं तर ती तिथंच विझली असती. पण मग योजनेतलं पुढचं कलम वाया गेलं असतं. पुढचं कलम होतं: अग्निशमन दलास कळवावे.

मुर्डोनं फोन लावला. दूर शहरातल्या बाईनं विचारलं, "जागेवर किती माणसं आहेत?"

"सहा. पुरी पडत नाहीत. आणखी सहा पाठवा."

"लगेच पाठवते."

आणि सहा कमरांवरचे सहा पेजर एकदम किणकिणले.

मुर्डोच्या जिवात जीव आला. मदत निघाली होती. मग ती कुठून निघाली आहे हे त्याच्या ध्यानात आलं. हातात झोडपणी, समोर आग, खाली गडगा, गडग्याशी पेट्या. पळभर त्याचा हात वर उचललाही गेला. पण दलाचा नियम असा, की पेजर वाजताच ठाण्यावर हजर व्हावं आणि गणवेशाशिवाय आगीला हात लावू नये. त्यानं झोडपण्या नीट एका ओळीत ठेवायला सांगितल्या. सगळे जीपमध्ये बसले.

एफीकाकू भिजलेलं पोतं घेऊन धावत आली. "अरे मेल्यांनो, निघालात कुठं? आग इथं आहे!"

"धीर धरा काकू!" मुर्डो जीपमधून ओरडला. "आग विझवायलाच चाललोय!"

ठाणं खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला. सहाजणांनी गणवेश चढवले, एकमेकांचे पट्टे तपासले, बंब काढला आणि भोंगा वाजवत ते इतक्या वेगानं परतले, की वाटेतल्या मेंढ्यांनी मान वर करून पाहिलं. तोवर आग गडग्यावरून उतरून, पेट्या खाऊन, ओहोळाशी येऊन आपणच विझली होती. घर वाचलं होतं.

मुर्डोनं शिरस्त्राण काढलं. "काकू, दल ठरल्या वेळेत पोचलं."

काकू राखेत वाकून एका पेटीच्या जागी बोटानं टकटक करत होती. "आता हे कळवू कुणाला रे?" ती म्हणाली. "ज्यांना कळवायचं, त्याच गेल्या."

समितीनं चौकशी केली. जाळणाऱ्यांनी जागा विनाविलंब दलाच्या स्वाधीन केली, याबद्दल जाळणाऱ्यांचं अभिनंदन झालं. दलाला झोडपण्या ओळीत सापडल्या, याबद्दल दलानं जाळणाऱ्यांचे आभार मानले. माश्यांची नोंद 'अन्यत्र गेल्या' अशी झाली. ठरावाला मुर्डोचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला. मनुष्यबळ अपुरं पडलं, यावर एकमत होऊन पाचवं पथक मंजूर झालं: निरीक्षक. काम हलकं. सुरक्षित अंतरावरून पाहायचं, कुठं चुकतंय ते आधीच ओळखायचं आणि हळहळायचं.

खोऱ्यात माणसं उरली नसल्यानं या जागा बाहेरून भरायच्या ठरल्या. तेव्हा वाचकहो, सहाचे चोवीस झाले तेव्हाच पुढचं सगळं तुम्हाला दिसलं होतं. तरी पेट्या हलवायला न उठता, काय काय जळतंय ते पाहत तुम्ही शेवटपर्यंत बसून राहिलात. अर्ज करू नका. तुमची नेमणूक झाली आहे.