रेवडी रमेपर्यंत

वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान येऊन पडलं, पंखे फिरू लागले, नळाला पाणी आलं, आणि रेवडी जी पलंगाखाली गेली ती गेलीच. रेवडी म्हणजे सुगराबीची मांजर. सुगराबी पलंगाशेजारी फतकल मारून बसली होती आणि दुधाची बशी आत सरकवत होती. रेवडी ती बशी तितक्याच शांतपणे बाहेर ढकलत होती. सुगराबीच्या नवऱ्याला, मैनुद्दीनचाचांना, मांजरीचा फारसा लळा नव्हता, पण त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या पलंगाखाली अडकलेलं होतं.

त्याचं असं झालं. चाचांचा जन्म गेला बुधवार पेठेत लाऊडस्पीकर दुरुस्त करण्यात. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. मुलाने, फैझलने, लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घेतला तेव्हा त्याच गुडघ्यांनी उडी मारून ते हो म्हणाले. सुगराबीने मात्र निघताना अट घातली.

"जुन्या खोल्यांची किल्ली महिनाअखेरपर्यंत आपल्याकडे आहे. तोवर रेवडी तिथं रमली, तर मी राहीन. नाही रमली, तर मी आणि ती परत पेठेत. तुम्ही बसा लिफ्टमधून वर-खाली करत."

सुगराबी एकदा बोलली की बोलली. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिने चाचांची विडी सोडवली होती, ती अजून सुटलेलीच होती.

संध्याकाळी फैझल ऑफिसातून आला तो मोबाईलवर वाचतच. "अम्मी, टेन्शन घेऊ नकोस. मांजर नव्या घरात आली की तिला आधी एकाच खोलीत ठेवायचं. तिथं ओळखीचे वास हवेत, ओळखीचे आवाज हवेत. अजिबात घाई करायची नाही."

"आवाज?" चाचांनी मान वर केली.

"तुम्ही काही करू नका," सुगराबी म्हणाली.

पण चाचांना मुद्दा पटला होता. या फ्लॅटमध्ये आवाजच नव्हता. पेठेत पहाटेपासून हॉर्न, शटर, भांडणं आणि वरच्या मजल्यावरचे कुकर. इथं दुपारी स्वतःचा श्वास ऐकू यायचा. बिचारं जनावर घाबरेल नाही तर काय! वासांचं खातं सुगराबीने घेतलं आणि स्वतःची जुनी ओढणी पलंगाखाली अंथरली. दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचा बस पकडून बुधवार पेठेत गेले. जुन्या गॅलरीत रेकॉर्डर घेऊन बसले आणि दुपारपर्यंत अख्खी गल्ली भरून घेऊन आले.

"फोनवरच लावा की," सुगराबी म्हणाली.

"फोनवर आवाज नसतो, आवाजाचा फोटो असतो," चाचा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेला, छातीएवढा उंच स्पीकर ओढत आणून पलंगासमोर उभा केला.

बटण दाबलं आणि खोलीत बुधवार पेठ अवतरली. रिक्षा गेल्या, शटर वर सरकलं, पुतण्याने "हॅलो, माईक चेक" केलं. पलंगाखालून नाकाचं टोक बाहेर आलं. चाचांनी आवाज थोडा वाढवला. तेवढ्यात स्पीकरमधून नेहमीची खणखणीत आरोळी उठली, "सुक्कट! बोंबीईल! जवळाऽऽ!"

रेवडी बाणासारखी बाहेर आली. पेठेतली सुकटवाली जिन्याशी टोपली उतरवायची तेव्हा पहिली चिमूट रेवडीची असायची. रेवडीने स्पीकर हुंगला. कपाटामागे पाहिलं. मग ती दारापाशी जाऊन ओरडू लागली.

"बघ! बघ!" चाचा म्हणाले. आनंदाच्या भरात त्यांनी आवाज पूर्ण सोडला.

पाचच मिनिटांत बेल वाजली. चाचांनी दार उघडलं. दारात शेजारच्या तुळजाबाई हातात स्टीलचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे तीन-चार बायका होत्या, आणि सगळ्यांच्या हातात काही ना काही भांडं होतं. तुळजाबाई मूळच्या वाघोलीच्या. ही इमारत उभी होती ती त्यांच्याच शेतात.

"कुठं हाय ती?"

"कोण?"

"सुकटवाली, आनि कोन! आवो, शेतं ग्येली, टावर आलं, तवापासनं तिचं त्वांड दिसलं न्हाई. वर कुनी सोडली तिला? लई पुन्याचं काम क्येलं त्यानं!"

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधून कानाला हेडफोन लावलेला अभिनव बाहेर आला. "काका, सॉरी हं, पण मी कॉलवर आहे. क्लायंट विचारतोय की बॅकग्राऊंडला इमर्जन्सी आहे का."

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेशही येऊन पडला होता. 'बी विंगमध्ये सुकटवाली शिरली आहे. ज्यांनी बोलावली त्यांनी तिला बाहेर काढावे. खरेदी झाल्यावर.' खाली वॉचमन एकेक मजला शोधत वर येत होता.

"सुकटवाली नाही हो," चाचा ओशाळून म्हणाले. "स्पीकर आहे."

"म्हंजी सुकट न्हाईच?" तुळजाबाईंचं ताट खाली आलं. मग त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "आवाज मातर येक नंबर हाय."

चाचा एवढ्यानेसुद्धा फुलले असते, पण मागून सुगराबीचा आवाज आला. "रेवडी कुठंय?"

दार उघडं होतं. रेवडी नव्हती.

मग सगळी बी विंग मांजर शोधायला निघाली. आलेल्या बायका भांड्यांसकट जिना उतरल्या. वॉचमनला सुकटवालीऐवजी मांजर शोधायला सांगितलं, तेव्हा त्याने फक्त कपाळाला हात लावला. अभिनव पार्किंगमध्ये गाड्यांखाली वाकून बघत इंग्रजीतून कॉलवरही बोलत होता. सुगराबी दर मजल्यावर प्रत्येक बेल वाजवत होती. चाचा तिच्या मागून पाय ओढत होते.

"पुन्हा लावू का ते?" त्यांनी हळूच विचारलं.

सुगराबीने वळून नुसतं पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते. "सापडली की आजच निघणार मी," ती म्हणाली. मांजरीचं काहीही होवो, सुगराबीशिवाय त्या शांत घरात आपण काय करणार, हा विचार चाचांच्या मनाला पहिल्यांदाच शिवला.

हाक आली ती त्यांच्याच मजल्यावरून. तुळजाबाईंच्या घराचं दार सताड उघडं होतं. शेतातल्या घराला दार लावायची सवय नव्हती, ती त्यांनी इथंही लावून घेतली नव्हती. आत खुर्चीवर त्यांचे यजमान सर्जेराव ताठ बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर रेवडी पसरली होती.

"हलू नगा कुनी," सर्जेराव कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"डब्यात मूठभर सुकट ऱ्हायली व्हती," तुळजाबाई म्हणाल्या. "वासावर आत आली. म्या खालनं परत आले आन् भाजून दिली. टेका वाईच भाबी, च्या ठेवते."

सुगराबी बसली. सुकट भाजताना लसूण आधी घालायचा की नंतर, यावर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्या दिवशी परत जायचं राहून गेलं.

पुढे रोजचा परिपाठच पडला. सकाळी दार उघडलं की रेवडी शेजारी जायची. तिला आणायला सुगराबी जायची. दोघींपैकी कोणीच लवकर परत यायचं नाही. चाचा आपला चहा आपणच करून प्यायचे.

महिनाअखेरीला सकाळी सुगराबी चपला घालता घालता म्हणाली, "अहो, जुन्या खोल्यांची किल्ली देऊन टाका. रेवडी रमली."

चाचांना आभाळ ठेंगणं झालं. ते तडक जाऊन किल्ली देऊन आले, पुतण्याला पेढे चारून आले. दुपारी परतले तर घराला कुलूप. फैझल ऑफिसात. भूक तर अशी लागलेली की विचारू नका. ते शेजारच्या उघड्या दारात जाऊन उभे राहिले.

आत रेवडी सर्जेरावांच्या मांडीवर होती. स्वयंपाकघरातून लसणाचा खमंग वास येत होता आणि सुगराबी तुळजाबाईंच्या भाकऱ्या थापत होती.

"अगं," चाचा म्हणाले, "घरी कधी येतेस?"

सुगराबीने मान वर करून त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"अहो, घरीच तर आहे," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या."