अठ्ठावीसशे कशाचे?

दौंडहून आलेल्या त्या पत्राला हौशीराम गव्हाण्यांनी सत्तेचाळीस दिवस उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. शब्दकोशाच्या चौथ्या खंडात ते नीट घडी घालून ठेवलेलं होतं, आणि निमोण्यातल्या त्यांच्या घरात त्या खंडाला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं. ते स्वतः मात्र रोज सकाळी पत्र काढून वाचत आणि आपलंच चुकलं असं ठरवून परत ठेवत.

एरवी हौशीराम पत्राला त्याच दिवशी उत्तर देणारे. शिरूरच्या एका हायस्कूलच्या ग्रंथालयात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. बोलण्यापेक्षा लिहिणं त्यांना सोपं वाटे, कारण लिहिलेलं खोडता येतं. फोन तर ते उचलतच नसत. पलीकडचा माणूस आपल्या उत्तरासाठी थांबला आहे, या कल्पनेनंच त्यांची जीभ जड व्हायची. म्हणून तर त्यांनी विकायच्या गोधडीला लावलेल्या किमतीच्या चिठ्ठीवर फोन नंबरऐवजी घरचा पत्ता लिहिला होता.

गोधडी शिवली होती त्यांच्या पत्नी कस्तुराबाई आणि शेजारच्या सुगराबी यांनी. दोघी समोरासमोर बसून दोन्ही कडांनी शिवत यायच्या आणि मधोमध भेटायच्या. गावातला रिवाज असा, की ज्याला गोधडी हवी त्यानं आपल्या घरची जुनी लुगडी आणून द्यायची, वर पाचशे रुपये शिवणावळ. उरलेलं कापड शिवणारीचं. अशा चार-पाच घरच्या उरल्यासुरल्या कापडातून दोघींनी एक गोधडी हौसेनं शिवली आणि दौंडच्या बचत गटांच्या जत्रेत नेली.

"तुमी बसा हितं. आमी जरा बघून येतो. चिठ्ठीवर पाचशे लिवा," असं सांगून दोघी लोणची-पापड बघायला गेल्या.

शेजारच्या स्टॉलवर प्लास्टिकच्या पिशवीत एक मशिनवर शिवलेली चादर होती. किंमत एकोणतीसशे. हौशीरामांनी त्या चादरीकडे पाहिलं, मग गोधडीच्या बोटभर अंतरावर धावणाऱ्या त्या हजारो टाक्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या छातीत काहीतरी गरम झालं. त्यांनी चिठ्ठीवर अठ्ठावीसशे लिहिलं. शंभर रुपये कमी, कारण बरोबरी केल्यासारखं दिसायला नको.

अर्ध्या तासात एक बाई आल्या, 'काही कमी?' असं विचारलं, हौशीरामांना घाबरून 'नाही' सुद्धा म्हणता आलं नाही, आणि त्या गप्प राहण्याला ठामपणा समजून बाई पूर्ण पैसे देऊन गेल्या. कस्तुराबाई आणि सुगराबी यांनी चौदाशे-चौदाशे रुपये तीनतीनदा मोजले. घरी येईपर्यंत दोघी एसटीत हसत होत्या. हौशीरामांच्या आयुष्यातलं हे एकमेव धाडस होतं, आणि आठच दिवसांनी त्याचा जाब विचारणारं पत्र आलं.

पत्र अनिता शितोळे नावाच्या त्याच बाईंचं होतं. गोधडीच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला पोळीचा तुकडा निघाला, घरभर मुंग्या झाल्या, आणि या अठ्ठावीसशे रुपयांचा तपशीलवार हिशोब त्यांना हवा होता. शेवटची ओळ अशी होती: 'उत्तर न आल्यास, आपल्याजवळ उत्तर नाही असे मी समजेन.'

तेच तर खरं होतं. हौशीरामांजवळ उत्तर नव्हतं. शेजारच्या चादरीवरून किंमत लावली, हे लिहायचं कसं? आणि कस्तुराबाईंना पत्र दाखवावं तर त्या पुन्हा पाचशेवर येणार. मग त्यांनी ठरवलं, आधी खरा हिशोब काढायचा, मगच लिहायचं.

दोघींनी तशीच दुसरी गोधडी शिवायला घातली, त्या दिवसापासून हौशीराम समोरच्या कॉटवर पुस्तक घेऊन बसू लागले. पुस्तकाच्या आड एक वही आणि मनगटी घड्याळ. एक ते सव्वाचार. चहाची पंधरा मिनिटं वजा. सुईत दोरा ओवायला लागणारा वेळ धरावा की नाही, यावर त्यांचे दोन दिवस गेले. शेवटी धरला.

"आठ दिस झालं, तुमी एकच पान वाचताय," कस्तुराबाई म्हणाल्या.

"अवघड पान आहे."

"आन् सारखं आमच्याकडं काय बघताय?"

सुगराबी पदराआड हसली. "बघू द्या की, अक्का. ह्या वयात कोन बघतंय?"

हौशीरामांचे कान लाल झाले, पण नोंद चुकली नाही.

एकोणीस दुपारी झाल्या, गोधडी पुरी झाली. वेळ मिळाला, दोऱ्याचा खर्च मिळाला. राहिली कापडाची किंमत. पहिल्या गोधडीत कोपऱ्याला गल्लीतल्या सिंधूबाईंच्या गोधडीतून उरलेलं हिरवं लुगडं गेलं होतं. हिशोब तपशीलवार मागितला होता, तेव्हा ते गाळणं हौशीरामांना अप्रामाणिक वाटलं. ते सिंधूबाईंच्या दारात गेले, दोनदा परत फिरले, आणि तिसऱ्यांदा सिंधूबाईंनीच हाक मारली.

"काय आप्पा, काय हरवलं का?"

"नाही. वहिनी, ते तुमचं हिरवं लुगडं... साधारण काय किमतीचं असावं?"

सिंधूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "माझ्या लुगड्याची चौकशी कशापायी?"

हौशीरामांना खोटं बोलता यायचं नाही. "ती गोधडी अठ्ठावीसशेला गेली ना. हिशोबात धरायचं होतं."

पाव तासात सिंधूबाई त्यांच्या ओसरीवर होत्या.

"कस्तुरे, अठ्ठावीसशे? आन् मला आवाज न्हाई?"

"तुला कशाला आवाज? उरलेलं कापड शिवनारीचं. कवापासनं चालत आलंय."

"पाचशेच्या गोधडीत गेलं तर माझं काय म्हननं न्हाई. अठ्ठावीसशेच्या गोधडीत गेलं तर हाय! माझं तीनशे काढ."

"तीनशे? त्या लुगड्याला हाताएवढं भोक व्हतं!"

"भोक तुमी वापरलं का? चांगलं तेवढंच वापरलं ना? मग चांगल्याचंच पैसं मागते."

सुगराबी सुई घेऊन मधे पडली. "सिंधूबाई, टाकं आमी घातलं. बोटं आमची सोलली. लुगडं तर तू भांडी घ्यायला काढलं व्हतंस, बोहारीन बी घेईना म्हनली!"

"तिनं न्हाई घेतलं, कारन तिला ठावं नव्हतं अठ्ठावीसशे मिळत्यात!"

"पन तुला सांगितलं कोनी?" कस्तुराबाईंनी विचारलं.

सिंधूबाईंनी नुसतं बोट केलं. तिघी हौशीरामांकडे वळल्या. ते उंबऱ्यात उभे होते. आत जावं तर भित्रेपणा, बाहेर जावं तर सिंधूबाई.

"मी हिशोबासाठी..."

"कसला हिशोब? कुनी मागितला?"

हौशीराम आत गेले, चौथा खंड घेऊन आले आणि पत्र बाहेर काढलं. कस्तुराबाईंनी वरची तारीख पाहिली.

"दीड म्हैना? दीड म्हैना माझ्या गोधडीचं पत्र त्या पुस्तकात दाबून ठेवलं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाचा. मोठ्यानं."

हौशीराम वाचू लागले. त्यांचा आवाज एवढा बारीक झाला की सिंधूबाईंना सरकून पुढे बसावं लागलं.

"थांबा," कस्तुराबाई म्हणाल्या. "मधली वळ गाळली तुमी."

"कशावरून?"

"तुमचं डोळं उडी मारून खाली आलं."

हौशीरामांनी घसा साफ केला. "'स्टॉलवरील गृहस्थांच्या पांढऱ्या केसांकडे पाहून मी विश्वास ठेवला, ही माझी चूक.'"

सुगराबीनं हळूच म्हटलं, "या अल्ला. आप्पांना असं?"

"पुढं," कस्तुराबाई म्हणाल्या.

हौशीरामांनी पोळीच्या तुकड्याचं वाचलं, मुंग्यांचं वाचलं आणि घाईघाईनं म्हणाले, "ते पोळीचं आपलं चुकलंच. शहरातल्या माणसांना काय ठाऊक? यापुढे तुकडा घालू नये, आणि दोन-अडीचशे परत पाठवावेत, असं मला..."

"तुकडा घालू नये?" कस्तुराबाई ताडकन उठल्या. "शेवटचा टाका घालायच्या आधी गोधडीच्या पोटात वाळवलेल्या पोळीचा तुकडा ठेवायचा, ती उपाशी कुनाच्या घरी जाऊ न्हाई म्हनून. माझ्या आईनं घातला, तिच्या आईनं घातला. वीस वरसं मी शिवतीया, एका गोधडीला मुंगी लागली न्हाई."

"पण यांना तर..."

"चार पदरांच्या आत असतोय तो! वरनं दोन टाकं, आतनं दोन टाकं. तो दिसलाच कसा?"

दीड महिन्यात हौशीरामांनी पत्र सत्तेचाळीस वेळा वाचलं होतं. हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता.

सुगराबीनं हातातली सुई दोऱ्याच्या रिळात खुपसली. "उसवली," ती म्हणाली. "बाईनं गोधडी उसवली."

"आत नवं कापड हाय का जुनं, ते बघाया!" कस्तुराबाई म्हणाल्या. "आपुन पैसं कशाचं दिलं, ते बघाया पोट फाडलं तिनं. आन् उघडं ठेवल्यावर मुंग्या येतील न्हाई तर काय!"

"कोपरा कंचा?" सिंधूबाईंनी एकदम विचारलं.

हौशीरामांनी पत्र पाहिलं. "हिरव्या कापडाचा."

"माझं लुगडं!" सिंधूबाई उभ्या राहिल्या. "माझं लुगडं उसवलं? आप्पा, लिवा तिला. माझ्या थोरल्याच्या बारशाचं लुगडं हाय ते म्हनावं. त्याला हात लावायचा हक तिला दिला कुनी?"

"त्याचं तीनशे?" सुगराबीनं विचारलं.

"खड्ड्यात गेलं तीनशे! आधी तिला लिवा!"

हौशीराम कागद घेऊन बसले. तिन्ही बायका भोवती बसल्या. त्यांनी 'आपले कृपापत्र पावले' असं लिहून वाचून दाखवलं.

"कृपा कसली?" कस्तुराबाई म्हणाल्या. "खोडा."

"नुसतं 'पत्र' लिहू?"

"पत्र बी मिळालं का न्हाई, ते तिला कळंलच. सरळ हिशोब लिवा. तुमी काढलाय न्हवं?"

हौशीरामांनी वही उघडली. इतके दिवस वेळ नोंदला होता, पण बेरीज करायचा धीर झाला नव्हता. आकडा अठ्ठावीसशेच्या खाली आला, तर आपण लबाड ठरू, ही भीती त्यांना रोज वाटायची. आता तिघी बघत होत्या.

"रोज तीन तास, एकोणीस दिवस, दोघी. म्हणजे एकशे चौदा तास," ते म्हणाले. "खुरपणीला बायका किती तास जातात?"

"सहा. रोज साडेतीनशे."

"म्हणजे तुमचे एकोणीस रोज. एकोणीस गुणिले साडेतीनशे..." ते थांबले. त्यांनी पुन्हा गुणाकार केला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा केला. "सहा हजार सहाशे पन्नास. दोरा दोनशे दहा. सहा हजार आठशे साठ."

सुगराबी सावकाश म्हणाली, "म्हंजी आपुन तिला वरनं चार हजार दिलं?"

"चार हजार साठ," हौशीराम म्हणाले.

"ते देऊन वर बोलनी बी आपुनच खाल्ली!" कस्तुराबाईंचा संताप आता अनिता शितोळ्यांना ओलांडून घरात आला. "आन् तुमी! तुमी अठ्ठावीसशेच लिवलं!"

"तू पाचशे म्हणाली होतीस."

"मी अडानी. तुमी एकतीस वरसं पुस्तकात काढली!"

हौशीरामांनी मान खाली घालून वही मिटली. पण सत्तेचाळीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटत होतं. आपल्यावर कमी घेतल्याचा आरोप होतो आहे, हे त्यांना एखाद्या सन्मानासारखं वाटलं.

पुढच्या गोधडीची किंमत ठरवताना मात्र पुन्हा भांडण झालं. सिंधूबाई म्हणाल्या, सात हजार लावा. सुगराबी म्हणाली, सात हजाराला निमोण्यात शेळी येती, गोधडी कोन घील? शेवटी कस्तुराबाईंनी निकाल दिला.

"निम्मं काम आन् निम्मी हौस. कामाचं घ्यायचं, हौसंचं न्हाई. साडेतीन हजार."

"निम्मे म्हणजे चौतीसशे तीस होतात," हौशीराम म्हणाले.

"साडेतीन!"

त्यांनी वहीत साडेतीन लिहिलं. मग सगळा हिशोब पत्रात सुवाच्य अक्षरात उतरवला, खाली फरकाची रक्कम लिहिली, आणि 'हा फरक आम्ही मागत नाही' असं स्वतःच्या मनानं घातलं. कस्तुराबाईंनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि राहू दिलं. सिंधूबाईंचं बारशाचं लुगडं त्यांच्या आग्रहाखातर स्वतंत्र परिच्छेदात आलं.

"आता शेवट मी सांगते," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता, पण राग गेला नव्हता. "लिवा. गोधडी घेऊन या. कोपरा शिवून देऊ. त्याचं पैसं घेनार न्हाई. येताना पोळी तुमच्या घरची आना. आमची तुमाला चालली न्हाई."

दुसऱ्या दिवशी हौशीराम पाकीट घेऊन गावच्या पोस्टात गेले. मल्हारी पोस्टमननं ते हातात तोललं.

"आप्पा, जड हाय. आनखी एक पाचाचं तिकीट लागंल. काय येवढं लिवलंय?"

"हिशोब."

"गोधडीचा का? सिंधूबाई सांगत व्हत्या सगळ्या गावाला." मल्हारीनं तिकिटं फाडली. "माझ्या बायकोला बी एक पायजे. आता कितीला हाय?"

हौशीरामांनी सवयीनं खाली पाहिलं. मल्हारी उत्तराची वाट बघत थांबला होता.

"साडेतीन हजार."

"साडेतीन? आपल्या गावात? लई महाग हाय, आप्पा."

"हाय," हौशीराम म्हणाले, आणि तिकिटं चिकटवून पाकीट पेटीत टाकलं.