दाबा, धरा, सोडा

गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला मेकॅनिक लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांची मला कीव येते. म्हणजे यायची. त्या दिवशी दुपारपर्यंत यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. आधी दोनदा ती नापास झाली होती आणि दोन्ही वेळा ब्रेकवर. एकदा पाय असा मारला की इन्स्पेक्टरसाहेबांचं कपाळ डॅशबोर्डला टेकलं, एकदा असा झटकन उचलला की गाडी चढावरून साहेबांसकट मागे आली. या वेळी परीक्षा आमच्याच गाडीवर द्यायची होती, कारण तिचा हात याच गाडीवर बसला होता. आणि नेमका हिचाच ब्रेक स्पंजासारखा मऊ लागायला लागला.

"गॅरेजमध्ये दे," बायको म्हणाली.

"गॅरेजवाला दोन दिवस ठेवून घेईल. ब्रेक ऑइलच्या नळीत हवा शिरलीय, बास. मी व्हिडिओ पाहिलाय. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू सैल करायचा, की हवा बाहेर!"

"पण आपल्या गाडीला एबीएस आहे ना?"

"एबीएस म्हणजे काय, चाक घसरू नये म्हणून नळ्यांच्या मध्ये बसवलेला एक डबा. त्यातली हवा आपोआप जाते." हे वाक्य व्हिडिओत नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं.

"या वेळी नापास झाले ना, तर मी परत स्टिअरिंगला हात लावणार नाही," ती म्हणाली आणि पार्किंगमधून वर घरी निघून गेली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. ते माझ्या लक्षात आलं, म्हणूनच मी बाह्या जास्त जोरात सरसावल्या.

पेडल दाबायला सासरे मिळाले. त्यांनी आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलं. भाजीवाल्याच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्याशिवाय ते अजूनही भाजी घेत नाहीत.

मी मागच्या चाकाशी आडवा झालो. "बाबा, दाबा." त्यांनी दाबलं. "धरून ठेवा." त्यांनी धरलं. मी पाना लावला आणि म्हणालो, "हां, आता सोडायचं."

मी स्क्रू सोडला. त्याच क्षणी सासऱ्यांनी पाय सोडला. स्क्रूला लावून रिकाम्या बाटलीत घातलेल्या नळीने सुर्रकन हवा आत ओढून घेतली.

"पाय का उचललात?"

"तुम्हीच म्हणालात, सोडायचं."

"अहो, मी स्क्रूबद्दल बोलत होतो."

"जावईबापू, तुमच्या वाक्यात कर्ता नाही. कोणी सोडायचं, हे त्यात कुठे होतं?"

हाच घोळ प्रत्येक चाकाशी झाला. सुरुवातीला नुसतं मऊ असलेलं पेडल आता थेट तळाला जाऊन टेकत होतं.

"नियम करू," सासरे म्हणाले. "मोघम क्रियापदं बंद. फक्त आज्ञार्थ. दाबा, धरा, आणि स्क्रू बंद झाला की सोडा. आवाज मात्र खणखणीत हवा."

मला पटलं. मी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरली आणि पुन्हा ओतावं लागणार म्हणून झाकण काढूनच ठेवलं. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. त्या भिंतीवरून गच्चीतल्या पाण्याच्या टाकीचा जाडजूड पाइप खाली येऊन बरोबर बॉनेटच्या वर उघडत होता. टाकी धुवायला काढली होती आणि वॉचमन वर व्हॉल्व्हला हात लावून खालून हाक यायची वाट बघत होता. हे मला माहीत नव्हतं. लिफ्टपाशी सूचना लावली होती, पण सासऱ्यांनी तिच्यातलं चुकलेलं अनुस्वाराचं टिंब मला इतका वेळ समजावून सांगितलं की मजकूर वाचायचा राहून गेला.

"दाबा!" मी गरजलो. "धरा!" स्क्रू उघडला, ऑइल आलं, स्क्रू बंद केला. "सोडा!"

सासऱ्यांनी पाय सोडला. वॉचमनने पाणी सोडलं.

टाकीच्या तळाचा सगळा गाळ पाइपातून धो धो बाहेर आला आणि सरळ इंजिनावर कोसळला. ब्रेक ऑइलमध्ये पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, असं व्हिडिओत बजावलं होतं. इथे डबीतल्या ऑइलला चहासारखा रंग आला होता.

"बंद करा!" मी ओरडलो. सासऱ्यांनी तत्परतेने खिडकीची काच बंद केली.

"साहेब, तुम्हीच म्हणालात ना सोडा?" वरून वॉचमन.

सासऱ्यांनी काच बोटभर खाली केली. "आज्ञार्थ बरोबर होता. संबोधन राहिलं."

एवढ्यात बायको खाली आली. "बाबा, उठा," एवढंच म्हणून ती पेडलपाशी बसली. आता सगळं घाण ऑइल काढून नवीन भरायचं होतं. दाब. धर. सोड. दाब. धर. सोड. तिने पाय जोरात मारला की नळी उडायची आणि ऑइलची पिचकारी माझ्या तोंडावर यायची. तिच्या पायाची प्रत्येक चूक माझ्या चेहऱ्यावर उमटत होती. अंधार पडेपर्यंत पिचकाऱ्या थांबल्या आणि ऑइल स्वच्छ आलं. पेडल मात्र तळालाच!

शेवटी मेकॅनिकला फोन केला. "एबीएसच्या डब्यात हवा अडकली असणार," तो म्हणाला. "ती अशी निघत नाही. मशीन जोडून आतला पंप फिरवावा लागतो. पण एवढी हवा आत घातली कोणी?"

"बघा," सासरे म्हणाले, "तोही कर्ताच विचारतोय."

सकाळी आमची गाडी क्रेनला लटकून गॅरेजला गेली आणि बायको मोटार स्कूलच्या अनोळखी गाडीत बसून परीक्षेला गेली. मैदानाबाहेर उभं राहून मला खरंच स्वतःची लाज वाटत होती. तिला हवी असलेली एकच गोष्ट, हात बसलेली गाडी, मी चिखलात घातली होती.

ती पास झाली!

"साहेब म्हणाले, ब्रेकवरचा पाय लोण्यासारखा आहे, कुठे शिकलात?" ती हसत बाहेर आली. "मी म्हटलं, नवऱ्याच्या तोंडावर."

गॅरेजवाल्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली. निदान तेवढं तरी माझं बरोबर निघालं. आता गाडी तीच चालवते. पुढे सासरे, मागे मी.

पहिल्याच दिवशी तिने आरशातून विचारलं, "तुला कुठे सोडू?"

"ऑफिसच्या दारात सोड," मी म्हणालो.

सासऱ्यांनी आधी वर पाहिलं, मग काच बंद केली.